एक सूत आत

गाडी शेडसमोर थांबली की मिस्त्री ड्रायव्हरकडे बघतच नसत. सरळ पुढच्या चाकाशी उकिडवे बसायचे आणि टायरवरून तळहात आडवा फिरवायचे, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. मग म्हणायचे, “टायर खोटं बोलत नाय. ड्रायव्हर बोलतो.”

असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. त्याचा राग येतो, आणि अडलं की नेमकं त्याच्याकडेच जावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी कर्जत-खोपोली उतारूंची एक जुनी व्हॅन चालवायचो. टायर सरकारी परमिटाशिवाय मिळत नसत आणि आमची व्हॅन तर टायर खाण्यात पटाईत. पुढची एक जोडी सहा महिन्यांत कडेनं खरवडून संपली. दुसरी बसवताना मालकांनी बजावलं, “ही गेली की गाडी भंगारात. तू दुसरीकडे काम बघ.”

मी हुशारी केली. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर समोरून आणि मागून काठीनं मोजलं आणि अगदी सारखं केलं. महिनाभरात कडा पुन्हा खरखरीत! मुकाट्यानं भिसेगावात मिस्त्रींची शेड गाठली.

“रिकामी उभी करून मोजलीस?”

“हो.”

“मग पळवतोस काय रिकामी? जा, रोजची माणसं घेऊन ये. रोजच्या जागी बसव.”

आता काय सांगू! हातापाया पडून सगळ्यांना गोळा केलं. किराणावाले शेठ पुढे डावीकडे, दोन भाजीवाल्या पाट्यांसकट मागे, दाराशी शाळेचे मास्तर. शेठ जरा सरकले तर गाडीखालून आवाज आला, “शेठ, हलू नका! तुमच्यावरच गाडी तोललीय समदी!” भाजीवाल्या हसून हसून बेजार झाल्या.

चाकांना जोडणारा दांडा मिस्त्रींनी एकेक आटा फिरवला, काठी लावली, पुन्हा फिरवला. “पुढून एक सूत आत,” ते म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. “पळताना चाकं बाहेर फाकतात रं. थोडी आत ठेवली, की सरळ चालतात.”

मग सगळ्यांना घेऊनच चौक गावाच्या रस्त्याला निघालो. मिस्त्री पायरीवर उभे. सरळ पट्टा लागला तसे ओरडले, “सोड हात!”

“मिस्त्री, बायामाणसं हायेत गाडीत!”

“सोड म्हंतो ना!”

सोडले. व्हॅन नाकासमोर सरळ! भाजीवाल्या किंचाळल्या, मास्तर टाळ्या पिटायला लागले, शेठ डोळे मिटून देवाचा धावा करत होते. मी तर आनंदानं वेडा झालो. “परत, मिस्त्री, परत!” असं लहान पोरासारखा ओरडत होतो. माझी नोकरी वाचली होती.

त्या जोडीनं पुरी दोन वर्षं काढली. नवं परमिट आलं तेव्हा मी स्वतः चाकं उतरवली. बघतो तर दोन्ही टायर कडेपासून कडेपर्यंत एकसारखे झिजलेले! इतका हरखलो की एक टायर खांद्यावर टाकला आणि मिस्त्रींना दाखवायला जवळजवळ पळतच निघालो.

भिसेगावच्या वळणावर पाय थांबले. मिस्त्रींना जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्या तिरडीला मीही खांदा दिला होता.

टायर खाली ठेवला आणि तिथंच रस्त्याकडेला बसून रडलो.