अकरावं प्रकरण

आमच्या धाकट्या दिरांनी जन्मभर दोनच कामं केली. दिवसभर रंगाच्या दुकानात रंग कालवले आणि सकाळ-संध्याकाळ कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या कामाचा पगार मिळायचा, दुसऱ्याचं कौतुक, तेही कधीमधी. दुकानाचे मालक त्यांना 'लेखकराव' म्हणायचे, आणि गिऱ्हाईक उभं असलं की जरा जास्तच मोठ्यानं म्हणायचे. भाऊजींना त्याचं काही वाटत नसे. "मालकांनी माझं एकही पुस्तक वाचलेलं नाही," ते म्हणायचे, "म्हणूनच माझ्याबद्दल थोडा आदर शिल्लक आहे."

लिहायची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक खुर्ची, आणि वर असा उतार की बेसावधपणे उठलं तर डोक्याला टेंगूळ. दुकानातल्या जुन्या दरपत्रकांची मागची कोरी बाजू हा त्यांचा कागद. पुढच्या बाजूला ऑइलपेंटचे भाव, मागच्या बाजूला कुणीतरी मरत असायचं, नाहीतर कुणाचा तरी संसार मोडत असायचा.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण भाऊजींची पुस्तकं मी वाचली आहेत, ओळीवर बोट ठेवून, सावकाश. त्यांतल्या एकात एक फार बोलणारी वहिनी आहे. ती कोण, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांच्या कामाची एक वेगळीच तऱ्हा होती. नवी कादंबरी हातात घेतली की तिच्यासोबत दुसऱ्या कुणाची तरी एक कादंबरी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हातानं उतरवून काढायचे. वाचनालयातून पुस्तक आणायचं, डाव्या हाताला उघडं ठेवायचं आणि शाळेतल्या मुलासारखं बघून लिहीत बसायचं. सुरुवातीला मला वाटलं, हा काही नवस आहे की काय.

"भाऊजी, ते छापलेलंच आहे की. परत कशाला लिहिताय?"

"वहिनी, वाचताना डोळा पळतो. हात पळत नाही. त्या माणसानं कुठं दम घेतला ते हाताला कळतं."

वाचताना एखादं वाक्य आवडलं की मात्र ते त्या लेखकाला शिव्या घालायचे. "अरे मेल्या! हे कसं सुचलं रे तुला?" जिन्याखालून असा आवाज आला की मुलं पाहुणा आलाय समजून धावत जायची. जितका लेखक चांगला, तितकी शिवी जबर.

तरुणपणी त्यांची दोन बारकी पुस्तकं एका ओळखीच्या छापखान्यानं काढली. त्यानंतर मात्र जे लिहिलं ते सगळं साभार परत. केस पांढरे झाले, दोन्ही मुलींची लग्नं झाली, तरी जिन्याखालचा दिवा काही विझला नाही. मग एका मोठ्या प्रकाशनाच्या संपादकांनी कुठंतरी त्यांची जुनी गोष्ट वाचली आणि निरोप धाडला, नवीन काही असेल तर आणून द्या. भाऊजींनी माझ्या जावेला, म्हणजे आमच्या धाकटीला, तेव्हाच सांगून टाकलं, "ही कादंबरीसुद्धा परत आली तर संपलं. जिन्याखाली चपला ठेवायला जागा होईल."

धाकटी म्हणाली, "मला चपलांची एवढी हौस नाही." तेवढंच. पण त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला. तिच्या पोळ्या करपायला लागल्या, त्यावरून मी ओळखलं.

ही नवी कादंबरी एका बापलेकीची होती. सगळी प्रकरणं झाली, फक्त अकरावं काही केल्या जमेना. आठ महिने ते एकटं त्यांच्या मानगुटीवर बसलं होतं. योगायोग असा की, त्या खेपेला जी कादंबरी ते उतरवत होते तिच्यातही एक म्हातारा आणि एक मुलगी होती, आणि तिचं अकरावं प्रकरण, भाऊजींच्या शब्दांत सांगायचं तर, "हरामखोरानं देवासारखं लिहिलंय." म्हातारा आणि मुलगी दवाखान्याच्या बाकावर बसलेत, आत कोण आहे ते शेवटपर्यंत सांगितलेलं नाही, एवढंच प्रकरण. आपलं अकरावं आणि त्याचं अकरावं शेजारी शेजारी मांडून भाऊजी बघत बसायचे. त्याचं उभं का राहतं आणि आपलं बसकण का मारतं, हे शोधायचे.

असेच बघत बसले असताना एका दुपारी व्याही आले. खुर्च्या कमी पडल्या म्हणून जिन्याखालची खुर्ची न्यायची झाली, टेबलावरचं सगळं उचलायचं झालं. भाऊजींनीच घाईघाईनं दोन्ही गठ्ठे बांधले. संपादकांनी दिलेली मुदत भरली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी जसा होता तसा आपला गठ्ठा नेऊन त्यांना दिला.

दोन-अडीच महिन्यांनी फोन आला. फोन आमच्या मधल्या खोलीत, त्यामुळे सगळं घर श्रोता. भाऊजी नुसतं "हो, हो, अच्छा" करत होते, पण कान लाल झाले होते. फोन ठेवून म्हणाले, "घेतायत! म्हणाले, अकरावं प्रकरण तर कमाल आहे. बाकीचं जरा हात फिरवून त्याच्या जवळ आणा, म्हणाले."

"बघा," धाकटी म्हणाली, "ज्यानं छळलं तेच कामाला आलं."

"आणि म्हणाले, तिथं तुम्ही माणसांची नावं टाकली नाहीत ते फार छान केलंत."

हे सांगता सांगताच भाऊजी थांबले. त्यांच्या अकराव्यात तर नावं होती. ते जिन्याखाली गेले. गठ्ठा सोडल्याचा आवाज आला, मग पानं उलटल्याचा. बाहेर आले तेव्हा हातात त्यांचं स्वतःचं अकरावं प्रकरण होतं. ते घरीच राहिलं होतं. संपादकांकडे गेलं होतं ते त्या दुसऱ्याचं.

स्वयंपाकघरात बैठक बसली. आमचे हे, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, सरळ म्हणाले, "गप्प बस. तो लेखक आहे का हयात?"

"नाही."

"पुस्तक मिळतं बाजारात?"

"नाही. वाचनालयातही एकच प्रत आहे, तिचीही पानं सुटलीत."

"मग झालं तर! कोण बघायला येतंय?"

"दादा, मी बघतोय की."

"तू काय, तू तर तुझं चांगलं असलं तरी वाईटच म्हणतोस."

धाकटी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मग तसंच एक नवीन लिहून नेऊन द्या ना. म्हणावं, हे जास्त चांगलं झालंय."

भाऊजींनी तेही करून पाहिलं. रोज पहाटे उठून अकरावं लिहायचे आणि रोज संध्याकाळी फाडायचे. तिकडून संपादकांचा फोन यायचा, हात फिरवून झाला का? इकडून उत्तर जायचं, होत आलंय. असा एक महिना गेला. माणूस निम्मा झाला. दुकानात एका बाईंना फिकट पिवळ्याऐवजी पोपटी रंग कालवून दिला, ते प्रकरण तर मालकांना फारच महागात पडलं.

शेवटी एक दिवस मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. दवाखाना प्रकाशनाच्याच रस्त्यावर. भाऊजी म्हणाले, "चला वहिनी, तुमचंही काम होईल, माझंही." बगलेत ते घरी राहिलेलं अकरावं. मी म्हटलं, "धाकटीला सांगितलंत?" तर म्हणाले, "तिनंच इस्त्रीचा सदरा काढून ठेवलाय."

संपादकांची खोली म्हणजे आमच्या जिन्याखालच्या जागेची मोठी बहीण. सगळीकडे दोरीनं बांधलेले गठ्ठे, बसायला जागा करायची तर दोन लेखक खाली ठेवावे लागत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि चहा सांगितला. भाऊजी उभ्या उभ्याच बोलले, कसं झालं, कुणाचं प्रकरण, सगळं.

संपादकांनी चष्मा काढला. "मी हे प्रकरण चार लोकांना वाचून दाखवलंय हो."

"चांगलंच आहे ते."

"आणि मला वाटलं, नावं मुद्दाम..." मग त्यांनी हात पुढे केला. "आणा, तुमचं आणा."

ते तिथंच वाचायला बसले. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. भाऊजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असे बघत होते, जणू त्यांना पुढचा सगळा महिना पाठ करायचा होता. वाचून झाल्यावर संपादक म्हणाले, "हे काढून टाकू."

"कुठलं?"

"दोन्ही."

भाऊजी शेजारच्या खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर एक गठ्ठा होता, त्याच्यासकट बसले.

"तुमचं वाईट नाहीये," संपादक म्हणाले, "पण बघा, दहाव्याच्या शेवटी मुलगी निघून जाते. बाराव्यात ती बापाच्या घरात चादर झटकते आहे. मधे तिच्या मनात काय झालं ते मला बारावं वाचतानाच समजलं होतं."

"पण तुम्ही मधे भलत्याच माणसाचं भलतंच प्रकरण वाचलं होतं!"

"तेच तर सांगतोय. तरी समजलं."

भाऊजींनी आपलं अकरावं उचलून परत बगलेत मारलं. संपादक मात्र खुशीत आले होते. बाकीचं आहे तसंच छापतो, म्हणाले, आता ते कुणाच्या जवळ न्यायची गरज नाही.

दवाखाना उरकून आम्ही परत निघालो. माझ्या डोळ्यांत औषध घातलेलं, मला सगळं धूसर, तरी भाऊजींचा पडलेला चेहरा दिसत होता.

"भाऊजी, पुस्तक येतंय ना?"

"येतंय."

"मग सुतक कसलं?"

"आठ महिने, वहिनी. आणि संपादकांना ते नसलेलं कळलंसुद्धा नाही."

घरी धाकटीनं सगळं ऐकून घेतलं आणि गोड काहीतरी करायला घेतलं. आमचे हे म्हणाले, "मी म्हणतच होतो, सांगून टाक." कुणी वाद घातला नाही.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. घसघशीत, चांगल्या पुठ्ठ्याचं. भाऊजी ते घेऊन गच्चीत गेले आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले, परक्याचं वाचावं तसं, पेन्सिल हातात धरून. संध्याकाळी खाली आले. धाकटीनं विचारलं, "काय, जाणवतं का हो मधे? काहीतरी राहिल्यासारखं?"

भाऊजींनी पुस्तक उलटं-सुलटं करून पाहिलं. "चहा दे आधी," म्हणाले. "अगं, मी पुढे निघून गेलो. तेरावं अर्धं वाचून झाल्यावर आठवलं, अरे, इथे कुठंतरी थांबायचं होतं."

आणि एवढे हसले, की संपादकांचा होकार आला तेव्हाही तेवढे हसले नव्हते. जिन्याखाली चपला काही गेल्या नाहीत.