अंबक्कांचा कंबरपट्टा आणि मुंग्या

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवाला नाही — म्हणजे त्याला ठाऊक असणारच, पण माझ्या तोंडून त्यानं ऐकलेलं नाही. तुम्ही हसाल. हसा. अर्ध्यापर्यंत मीही हसतच आले आहे.

तिकडे कानडी मुलखात, चामराजपेटेत आम्हा मराठी मंडळींचं कलामंदिर होतं. नाव मोठं, जागा एवढीशी — मंगळुरी कौलांचा एक हॉल, मागे परसात पेरूचं झाड. साठीचं दशक नुकतं लागलं होतं. पेठेतल्या कापडवाल्यांपासून कचेरीतल्या कारकुनांपर्यंत सगळेच तिथं आल्यावर कलावंत होत. कधी चित्रं, कधी भरतकाम, दसऱ्याला बाहुल्या. मी मल्लेश्वरमच्या एका शाळेत शिवण शिकवत होते आणि इथं प्रदर्शनं मांडत होते. टेबलं, चादरी, नावांच्या चिठ्ठ्या, सगळं माझ्याकडे. मला कुसुमक्का म्हणत. वय अठ्ठावीस — म्हणजे लहान होते, कळत नव्हतं, असंही म्हणता येत नाही.

त्या वर्षी संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांचं प्रदर्शन ठरलं. आणि हलवा म्हटलं की अंबक्का. आमच्यात वयानं मोठ्या, आवाजानंही. शेगडीवर परात ठेवून, चमचा चमचा पाक घालत, बोटांनी दाणे हलवत बसायच्या. बोटांची टोकं भाजून लाल व्हायची, पण काटा असा यायचा की एकेक दाणा चांदणीसारखा. माझ्या हलव्याला काटा कधी आलाच नाही. एकदा मी माझा डबा त्यांच्यापुढे केला. त्यांनी एक दाणा उजेडात धरला आणि भरल्या हॉलमध्ये म्हणाल्या, "कुसुम, ह्याला काटा नाही गं आला, टक्कल आलंय!"

सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मात्र तो हलवा चहात विरघळवून टाकला. आठवडाभर आमच्याकडे चहाला वेगळी साखर लागली नाही.

हे कारण म्हणून सांगते आहे का? नाही. कारण असतं तर सोपं झालं असतं.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी अंबक्का घोड्याच्या जटक्यातून आल्या, मांडीवर पत्र्याची पेटी, तिला दोन्ही हातांनी धरून. हार, बाजूबंद, बांगड्या, बिंदी — आणि पाच पदरी कंबरपट्टा. असा कंबरपट्टा मी पुन्हा पाहिला नाही. दीड महिना खपल्या होत्या. नव्या सुनेची पहिली संक्रांत होती. पाच वाजता प्रमुख पाहुणे प्रदर्शन बघणार, मग हळदीकुंकू, आणि तेव्हा काळी साडी नेसलेल्या सुनेला तिथंच सगळ्यांसमोर हे दागिने घालायचे, असा बेत होता.

कलामंदिराची राखण मुनियप्पाकडे होती. साठीला आलेला, कमी बोलणारा, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. त्यानं सकाळीच प्रत्येक टेबलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या. मुंग्या येऊ नयेत म्हणून. मी स्वतः तपासल्या होत्या. एकही कोरडी नव्हती. हे लक्षात ठेवा. मी तर विसरूच शकलेले नाही.

दुपारी सगळे जेवायला गेले. मुनियप्पा बाहेर पायरीवर बसला. आत मी आणि तो कंबरपट्टा.

मला फक्त बघायचं होतं, आत काय घालतात ते. साबुदाणा? खसखस? मगजबी? अंबक्कांनी कधी सांगितलं नव्हतं. मागच्या बाजूचा, कुणाला न दिसणारा एक दाणा मी सोडवला आणि जिभेवर ठेवला. पण तो इतका सुरेख विरघळला की आत काय होतं ते कळायच्या आत संपला. दुसरा घेतला. दुसरा दाताखाली फुटला, पण तेवढ्यात रस्त्यावर बसचा भोंगा वाजला आणि लक्ष गेलं. मग तिसरा. आता डावी बाजू विरळ दिसायला लागली, म्हणून उजवीकडचे तीन काढले. मी शिवणाची बाई — दोन्ही बाजू सारख्या नसल्या की मला चैन पडत नाही. ते तीन खाली कुठं ठेवणार? खाल्ले.

असं किती वेळ चाललं कोण जाणे. भानावर आले तेव्हा पाचातल्या दोन पदरांचा नुसता दोरा उरला होता, आणि चौथ्या पदराला मधूनमधून, अगदी मापात, खिंडारं.

आत साबुदाणा होता. बस, साबुदाणा.

मग मी काय केलं? सांगते. खरं म्हणजे इथपर्यंतचं मी कदाचित कुणालातरी सांगितलंही असतं — खादाडपणा हा हसण्यावारी जातो. पुढचं जात नाही.

टेबलावरच्या काळ्या चादरीचं एक टोक मी ओढून जमिनीला टेकवलं. मुंग्यांना वर यायला वाट. आणि थांबले. पण मुंग्या येईनात! एरवी चहाची बशी दोन मिनिटं ठेवली तर पलटण हजर, आणि आज गरज आहे तर एक नाही. घड्याळात साडेतीन. शेवटी परसात गेले. पेरूच्या झाडाखाली पिकून पडलेल्या फळाला मुंग्या लागल्या होत्या. कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका हातात होतीच — तिच्यावर ते फळ घेतलं आणि रीतसर निमंत्रण देऊन मुंग्या आत आणल्या. कंबरपट्ट्यावर झटकल्या. फळ खिडकीबाहेर फेकलं. एक मुंगी मनगटाला कडाडून चावली. तिचंही बरोबरच होतं.

आणि मग ओरडले, "अय्यो, मुंग्या! मुनियप्पा, इरुवे, इरुवे!"

तो धावत आला. त्यानं वाट्या पाहिल्या. मग जमिनीला टेकलेलं चादरीचं टोक पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. मी काही बोलण्याआधीच त्यानं दोन्ही हात जोडले. "नंदे तप्पु, अक्का." माझीच चूक. चादर मीच नीट बघितली नाही, म्हणाला.

मी काय म्हणाले? काही नाही. मला बोट दाखवावंसुद्धा लागलं नाही.

अंबक्का आल्या. मी तर त्यांच्या आवाजाची तयारी ठेवली होती, पण त्या आवाज न करता खुर्चीवर बसल्या. बराच वेळ कंबरपट्टा हातात घेऊन बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इकडचे तीन, तिकडचे तीन. मुंग्यांना नक्षी कळते म्हणायची."

मला वाचवलं कुणी? पाहुण्यांनी! ते होते निवृत्त प्राध्यापक, आणि विषय नेमका प्राणिशास्त्र. भिंगातून दोऱ्याकडे बघून त्यांना भरतंच आलं. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढे ते मुंग्यांची शिस्त, मुंग्यांची कामाची वाटणी, मुंग्यांचं उजव्या-डाव्याचं भान यावर पाऊण तास बोलले. टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात मी वाजवल्या. अंबक्कांच्या सुनेनं कंबरेला शेवंतीचा गजरा गुंडाळला होता आणि ती सारखी तो हातानं झाकत होती. अंबक्कांनी पुढं प्रदर्शनात हलवा ठेवला नाही. कधीच.

चारच दिवसांनी बैठक झाली. आमचे चिटणीस रामराव म्हणाले, मुनियप्पाचं आता वय झालं, लक्ष राहत नाही. किल्ल्या कुसुमक्कांकडे द्या, त्या फार काळजी घेतात. मुनियप्पानं कमरेचा जुडगा सोडून माझ्या हातात दिला. मी घेतला. जड होता.

त्यानंतर तो वाट्यांच्या मागेच लागला. टेबलांखाली तर ठेवायचाच, पण चित्रांच्या घोडीखाली, पेटीच्या स्टुलाखाली, तबलजीच्या चौरंगाखाली. एकदा एका बड्या पाहुण्यांच्या खुर्चीचे चारी पाय वाट्यांत होते. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि धोतर भिजलं. हॉल हसून लोळला. मुनियप्पा फडकं घेऊन खाली बसला, पुसत राहिला. मी कुठं होते? हसणाऱ्यांत.

सात वर्षं मला रोज संधी होती. किल्ली लावताना तो दारात उभा असायचा. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणायची, उद्या.

मग त्यानं काम सोडलं. मुलाकडे, कोलारला जायचं ठरलं. जायच्या दिवशी तो माझ्या घरी आला. धुतलेला शर्ट, हातात केळ्यांचा घड. बसा म्हटलं तरी बसला नाही. उंबऱ्याशीच उभा राहून, अर्धं कानडी अर्धं मराठी, म्हणाला, अक्का, त्या दिवशी मुंग्या आल्या, तुमची मान सगळ्यांसमोर खाली गेली. तुम्ही मला एकदासुद्धा रागावला नाहीत. ते मनाला लागून राहिलंय. जायच्या आधी एकदा मला क्षमा करा.

घरात दुसरं कुणी नव्हतं. ऐकणारं कुणी नव्हतं. रस्ताही रिकामा होता.

मी म्हणाले, "होगली बिडी, मुनियप्पा. जाऊ द्या ते. मी कधीच क्षमा केली."

त्याचे डोळे भरून आले. तो माझ्या पाया पडायला वाकला, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.