माझ्या अशिलाची शिट्टी

आज कपाटातून काळा कोट काढला. डांबरगोळ्यांचा वास आला आणि वाशिमच्या टॉकीजमधली ती दुपार आठवली.

रिठदचा माझा अशील मला आग्रहाने सिनेमाला घेऊन गेला होता. शेजारच्या विधवेच्या शेतात धुरा, म्हणजे बांध, दर नांगरटीला एकेक सरी पुढे सरकवत त्याने पट्टाभर जमीन खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी मी कोर्टात सांगणार होतो, की धुरा आजोबांपासून तिथेच आहे.

पडद्यावरच्या वकिलाने भर कोर्टात कोट उतरवला आणि तो म्हणाला, "माझा अशील खोटं बोलतोय." टॉकीज दणाणली. सगळ्यांत मोठी शिट्टी माझ्या अशिलाची! डोळे पुसत तो म्हणाला, "वकीलसाहेब, याले म्हंतात वकील! काय जिगर हाय!"

मी जळून खाक झालो. त्या रंगवलेल्या माणसाला वाक्य कुणीतरी लिहून दिलं होतं, मागे व्हायोलिनं वाजत होती. मला काय होतं?

दुसऱ्या दिवशी युक्तिवादाला उभा राहिलो, तेव्हा माझाही हात कोटाच्या बटणावर गेला. मी ते नीट लावलं आणि बोलत राहिलो.

आम्ही जिंकलो. अशिलाने कोर्टाबाहेर पेढे वाटले. शिट्टी मात्र वाजवली नाही.