सासऱ्यांनी बसवलेले खुबे

जन्मतःच खुब्याचं हाड खोबणीतून निसटलेल्या लहानग्यांवर तिचे सासरे शस्त्रक्रिया करायचे. त्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळं शहर म्हणायचं. पुढे ती मुलं तपासणीला आली की त्यांना बघायचं काम सुनेचं. ती त्यांना व्हरांड्यात चालायला लावायची, पाय फिरवून बघायची, एक्स-रे निरखायची आणि शस्त्रक्रिया कितपत साधली ते ठरवायची. मुलं तिला ‘चालडॉक्टर’ म्हणायची.

सासऱ्यांच्याच गाडीतून जायचं, त्यांच्याच रुग्णालयात बसायचं, त्यांच्याच टेबलावर जेवायचं. “श्वास घ्यायला तेवढा घरातला जिना मोकळा आहे,” असं ती नवऱ्याला थट्टेनं म्हणायची. तो हसून पेपरात डोकं घालायचा.

एकदा एक शिवणकाम करणारी बाई लेकीला घेऊन आली. पोरगी तुरुतुरु चालली, पण डावीकडे झुकत. एक्स-रेत हाडाचा गोळा चपटा झालेला दिसला. शस्त्रक्रियेनंतर त्याचा रक्तपुरवठा तुटला होता. कसलेल्या हातूनही असं कधीतरी होतं.

“उद्या सांगते,” एवढंच ती त्या आईला म्हणाली.

रात्री जेवताना तिनं विषय काढला.

“चालतेय ना पोर?” सासरे म्हणाले. “मग ‘चांगला’ लिही. मला हे निकाल डॉक्टरांच्या परिषदेत मांडायचेत.”

“बाबा, गोळा पार चपटा झालाय.”

“लहान हाडं सावरतात. मला शिकवतेस?”

नवऱ्यानं भाजी वाढून घेतली. सासूबाईंनी डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

सकाळी रुग्णालयात ती आई दारातच उभी. “ताई, सगळं छान आहे ना?”

“नाही हो. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. उशीर करू नका.”

“मग मोठे साहेब छान म्हणाले ते?”

तिनं पोरीची फाईल पुढे ओढली. निकालापुढे तिनं ‘वाईट’ लिहिलं.

दुसऱ्या रुग्णालयात मुलीची पुन्हा शस्त्रक्रिया झाली. पाय किंचित आखूड राहिला, पण चाल सुधारली. सासऱ्यांनी परिषदेत ती मुलगी वगळली आणि सुनेशी बोलणं टाकलं. घराबाहेर काढलं असतं तर बरं, असं तिला वाटायचं.

तिनं गुपचूप दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज केला. तिथल्या प्रमुखांनी आधी सासऱ्यांनाच फोन केला.

त्या संध्याकाळी गाडीत सासरे कितीतरी दिवसांनी बोलले. “तिकडे कशाला जातेस? इथं तुला काय कमी आहे?”

गाडी घराच्या आवारात शिरली आणि रखवालदारानं मागून फाटक लावून घेतलं.