कथेतल्या बाईसाठी धपाटे

कन्नडच्या स्टँडवरून एसटी निघाली तेव्हा खिडकीखाली आई पदरानं डोळे पुसत होती आणि मी मान खाली घालून हसू दाबत होते. शहरात नोकरी, स्वतःची खोली, कुठं चाललीस म्हणून विचारणारं कुणी नाही. गाव सोडून निघालेल्यांनो, खरं सांगा, तुम्हालाही आतून असंच झालं होतं ना?

पण लिहायला बसले की माझ्या कथांतली माणसं ढसाढसा रडायची. पुण्याला गेलेला उदास, दुबईला गेलेली झुरणारी. गाव सोडलेला माणूस हसला तर संपादक कथा परत पाठवतील, अशी मला धास्ती. आईनं मात्र प्रत्येक कथा माझी खुशाली म्हणून वाचली. कथेतल्या बाईला परदेशात धपाटे आठवले, की दुसऱ्या दिवशी कन्नडच्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांकडे धपाट्यांचा डबा हजर. मीही काही कमी नव्हते. पुढच्या कथेत मुद्दाम शेंगदाण्याची चटणी घातली. तीही आली.

मागच्या महिन्यात कथेतल्या बाईनं जेवणच सोडलं, आणि डब्याऐवजी आईच दारात उभी राहिली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "कपडे भर. वीस वर्सं झुरलीस, बास झालं. मीच धाडलं तुला, माझंच चुकलं."

मी रचलेलं दुःख ही बाई इतकी वर्षं खरं समजून उरावर वागवत होती. तिचा हात धरून सगळं सांगून टाकलं. मी इथं मजेत आहे, अगदी पहिल्या दिवसापासून. त्या एसटीतही हसतच होते.

आई आता कुठं पाणी प्यायली. मग हळूच म्हणाली, "गाडी वळल्यावर मीबी घरी येऊन ढाराढूर झोपले. लई दिवसांनी. पण आईनं असं बोलायचं नसतंय."

आम्ही इतक्या हसलो की शेजारीण बघायला आली. संध्याकाळी गुलमंडीच्या बाजारात आईनं दोन साड्या घेतल्या, आणि परतीच्या गाडीचं नाव चार दिवस काढलं नाही.

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर सांगते, जिथं सुखात आहे म्हणायची चोरी नाही, ते घर. माझी सध्या दोन आहेत.