कॉफी: शून्य

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेच्या आमच्या प्रयोगशाळेतले मासे बावीस वर्षं दोना जुरेमाच्या ताब्यात होते. शिक्षण चौथीपर्यंत. पण त्या करंगळीएवढ्या पट्टेरी माशांपैकी कोणाचं काय बिनसलंय, हे तिला दारातूनच कळायचं. मी तिथे डॉक्टरेट करत होतो. ती मला "डॉक्टरसाहेब" म्हणायची, ते निव्वळ चिडवायला.

एकदा तिने विचारलं, "तुम्ही दिवसभर मोजता तरी काय?"

मी सांगितलं. पेशी ज्या इंधनावर चालते, तेच ती थोडं बाहेर सांडते. बाहेर पडलं की ते इंधन राहत नाही, निरोप होतो: गडबड आहे, जागे व्हा. मग त्याचे तुकडे पडत जातात आणि शेवटी उरलेला तुकडा, अडेनोसिन, उलटाच निरोप देतो: बस, आता शांत व्हा.

"एकाच वस्तूचे दोन निरोप?" जुरेमा हातातली जाळी तशीच धरून उभी राहिली. "बाऽह! आणि हे माझ्या डोक्यात आत्ता चाललंय?"

"आत्ता."

तिने हळूच कपाळाला हात लावून बघितला. इतकी वर्षं हेच शिकत होतो, पण माझ्या अंगावर काटा आला तो त्या दिवशी.

तिच्या विचारण्याला कारण होतं. तिचा धाकटा भाऊ वाल्मोर फरश्या बसवायचा, पन्नाशीचा. दर एक-दोन वर्षांनी त्याच्या अंगात वारं शिरायचं. झोप नाही, तोंडाला खळ नाही. मागच्या खेपेला त्याने अंगणात पोहायचा तलाव खणायला घेतला आणि खणता खणता शेजाऱ्याच्या हद्दीत पोचला. मग चार महिने वॉर्डात. परत आला तो स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा बसायचा. आता पुन्हा वारं चढलं होतं. पुन्हा वॉर्ड नको, एवढंच जुरेमाला हवं होतं.

आमच्या डॉक्टर रेनाते तेव्हा अशा रोग्यांना नेहमीच्या औषधाबरोबर युरिक ॲसिडवरची एक जुनी गोळी देऊन बघत होत्या. त्या गोळीने अडेनोसिन वाढेल अशी आशा. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना औषध नसलेली, नुसती पांढरी. कोणाला कोणती, हे कोणालाच माहीत नाही. कॉफीला मात्र बंदी, कारण तिच्यातलं कॅफीन अडेनोसिनच्याच जागेवर जाऊन बसतं. वाल्मोरही त्यात आला. प्रश्नावली मी लिहिली होती. "रोज किती कॉफी?" वाल्मोर छातीठोकपणे म्हणाला, "शून्य. शिवतसुद्धा नाही." मी शून्य लिहिलं.

तीन आठवडे झाले तरी वारं उतरेना.

एका सकाळी मी कॅफीनच्या पाण्यात मासे सोडले होते. ते सैरावैरा धावत होते. जुरेमाने शिमारांवचा तुंबा माझ्या हातात दिला. तो हिरवा कडू काढा आम्ही सगळे एकाच तुंब्यातून, एकाच नळीने आळीपाळीने ओढतो.

"अगदी वाल्मोरसारखं चाललंय यांचं," ती म्हणाली. "कॅफीन काय फक्त कॉफीतच असतं?"

"छे, चहात असतं, कोल्ड्रिंकमध्ये..." नळी तोंडात, आणि मी तिथेच थिजलो. शिमारांवात काय कमी असतं? प्रश्न लिहितानाही माझ्या डाव्या हातात हाच तुंबा होता. याला पेय म्हणून मोजायचं कोणाच्या डोक्यात येणार? स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली.

"वाल्मोर किती पितो?"

"पाच थर्मॉस." तिचा आवाज खाली गेला. "मीच भरून देते रोज."

हे लिहिलं तर तो अभ्यासातून बाहेर, गोळी बंद, आणि पुढे वॉर्ड. तिलाही ते कळलं होतं. खरं सांगतो, ती "राहू दे" म्हणाली असती तर मी राहू दिलं असतं.

"लिहा," ती म्हणाली. "दुसऱ्या बायकांचेही भाऊ त्या गोळ्या घेतायत."

रेनातेबाईंनी सगळ्या रोग्यांना पुन्हा विचारलं. तिघे सोडून सगळे पीत होते. बाई स्वतःही पीत होत्या. अभ्यास गुंडाळला, नवा मांडला. ज्याला यायचंय त्याने आधी तुंबा सोडायचा.

रविवारी मी त्यांच्या अंगणात गेलो. "आला बघ, आमचं पाणी तोडणारा!" वाल्मोर उसळला. त्याला समजावणं माझ्याच्याने होणारं नव्हतं. जुरेमाने त्याला तुंबा भरून दिला आणि समोर बसली.

"ऐक रे. तुझ्या डोक्यात कोणीतरी 'बस' म्हणायला येतं. त्याची खुर्ची आहे तिथे. मी रोज पाणी तापवते आणि त्या खुर्चीत दुसऱ्यालाच बसवते."

"कधीपासून?"

"तू सोळाचा होतास तेव्हापासून."

तो हसला, मग हसायचा थांबला. नळी घुरघुरेपर्यंत त्याने तुंबा ओढला आणि परत देत म्हणाला, "आभारी आहे, ताई."

आमच्याकडे तुंबा परत देताना कोणी आभार मानत नाही. मानले, तर त्याचा अर्थ, मला पुरे. वाल्मोरच्या तोंडून हा शब्द कोणी ऐकला नव्हता. जुरेमाने पुढचं पाणी ओतलं ते तुंब्याबाहेरच.

पहिले काही दिवस त्याने डोकं धरून काढले. मग तो नव्या अभ्यासात आला; नेहमीचं औषध चालूच होतं. हळूहळू झोप लागू लागली. तो हिवाळा त्याने घरीच काढला.

तो अभ्यास संपल्यावर कोणाला कोणती गोळी याची यादी उघडली. वाल्मोरला नुसती पांढरी गोळी मिळाली होती. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, असं रेनातेबाईंनी मला बजावलं. मी ते सगळं चाचरत जुरेमाला सांगितलं.

तिने हातातली जाळी टाकीच्या कडेला ठेवली. मग डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे 'बस' म्हणणारं त्याच्यातच होतं, डॉक्टरसाहेब. आम्हीच त्याला बसायला जागा देत नव्हतो."