कातड्याचे पॅकिंग आणि आप्पांचे डोळे

कोल्हापूरच्या इस्पितळातून आम्ही निघालो तेव्हा आप्पांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि माझ्या मोटारीला हुडहुडी भरली होती. आप्पा म्हणजे माझे वडील. खानापूरकडच्या आमच्या गावी भातशेती करायची आणि भजनात पेटी वाजवायची, यातच त्यांचा जन्म गेला. मी बेळगावात वकिली करतो. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी बजावले होते, खोकू द्यायचे नाही, वाकू द्यायचे नाही, धक्का तर मुळीच बसू द्यायचा नाही. जखम उघडली तर डोळा गेलाच म्हणून समजा. रेल्वेने यायचे तर मिरजेला गाडी बदलताना कोण कुठून कोपर मारील याचा नेम नाही. म्हणून मी मोठ्या दिमाखात मोटार घेऊन गेलो होतो.

मोटार जुनी, कॅम्पातल्या एका साहेबाने विलायतेला जाताना विकून टाकलेली. पळताना गुणाची, उभी राहिली की अवगुणी. हँडल मारून मारून माझे खांदे उतरले की मग ती कशीबशी सुरू व्हायची, आणि चाके थांबली की इंजिन थरथरत, आचके देत बंद पडायचे. माझे निदान ठरलेले होते : प्लग. निघण्याआधी मी प्लग घासले, कागलला चहासाठी थांबलो तिथेही घासले. प्लग लख्ख झाले, मोटार होती तशीच राहिली.

दूधगंगेचा पूल ओलांडला तसे आप्पांनी विचारायला सुरुवात केली. डावीकडे काय आहे, उजवीकडे काय आहे. मी म्हणालो, शेत आहे. कशाचे? ऊस असावा. लावणीचा की खोडवा (तोडलेल्या उसाचे पुन्हा फुटलेले पीक)? मला काय ठाऊक! आप्पा हसले.

"कोर्टात साक्षीदाराला बरं उलटंपालटं इचारतोस. बघायचं मातूर तुला जमत न्हाय."

त्यांना हसताही बेताने येत होते. मला वाईट वाटले आणि मी गाडी आणखी हळू हाकू लागलो.

निपाणी जवळ आल्याचे नाकाने सांगितले. वखारींतून (तंबाखूच्या कोठारांतून) उडणारी तिखट पूड वाऱ्यावर होती. मी आप्पांच्या नाकाला ओला पंचा दिला. पण पुढे बैलगाड्यांची ही रांग! थांबावे लागले, आणि मोटारीने आचके देऊन प्राण सोडला. त्या आचक्यांबरोबर आप्पांची मान हलली. त्यांनी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. पुढे तवंदीचा घाट. तिथे चढावर ही बंद पडली, मागे सरकली, तर या डोळ्यांचे काय?

गाडीवानांच्या मदतीने मोटार हळूहळू ढकलून रस्त्याकडेच्या पिंपळाखाली घेतली. तिथे सातप्पा नावाचा चांभार बसला होता, पन्नाशीचा, ओठांत विडी. त्याने आपले पोते झटकले, आप्पांना हात धरून बसवले, कुठून आलात, डोळ्यांना काय झाले, सारी चौकशी केली. आप्पांना ठसका लागतो आहे म्हटल्यावर विडी घेऊन लांब जाऊन उभा राहिला. थोड्याच वेळात दोघांच्या भजनाच्या गोष्टी सुरू झाल्या. सातप्पाही गावच्या दिंडीत मृदंग वाजवायचा.

मी पुन्हा प्लग काढायला घेतले. हँडल मारले, स्टिअरिंगवरचा ॲक्सिलरेटरचा दांडा थोडा ओढून इंजिन कसेबसे धुगधुगत ठेवले. एवढ्यात पोत्यावरून आप्पांचा आवाज आला.

"बाळ, ह्यातनं वारा जातोय रं. सूं सूं आवाज येतोय बघ. पेटीचा भाता फाटला म्हंजी असंच हुतंय. कितीबी भाता मारा, सूर थरथरतोयच."

मी म्हणालो, आप्पा, ही पेटी नव्हे, मोटार आहे. त्यांना गप्प बसवल्याचे मला बरे वाटले नाही, पण मी घाईत होतो.

काय चालले आहे ते पाहायला सातप्पा विडीसकट मोटारीपाशी आला आणि बॉनेटमध्ये डोकावला. मी ओरडलोच, पेट्रोल आहे, मागे हो म्हणून. तो दचकला आणि तोंडातला धूर त्याने तिथेच सोडला. तो धूर वर गेला नाही. कार्ब्युरेटर जिथे इंजिनच्या नळीला जोडलेला होता, त्या सांध्यात तो बारीक दोरीसारखा ओढला गेला आणि दिसेनासा झाला. मी पाहतच राहिलो. भाता फाटला होता! नको तिथून हवा आत शिरत होती, म्हणून सुरू व्हायला त्रास आणि उभे राहायला त्रास. बिचाऱ्या प्लगांना मी उगाच सोलून काढले होते.

विडी विझवायला लावून मी सांधा उकलला. मधले पॅकिंग जळून तुकडे झालेले. निपाणीत ते कुठे मिळणार? सातप्पाने तुकडे तळहातावर जुळवले, आकार न्याहाळला.

"कातड्याचं चालंल न्हवं? बसा जरा, करतो."

तो झाडामागे गेला, कातड्यावर रापी चालवल्याचा आवाज आला, आणि मी आप्पांना भाकरी-पिठले भरवेपर्यंत चकती तयार होती. मी तिला साबण चोळून सांध्यात बसवली, नट आवळले. पहिल्याच हँडलला इंजिन सुरू झाले आणि एका लयीत चालत राहिले. आप्पांनी मान न हलवता, नुसत्या बोटांनी मांडीवर ठेका धरला. सातप्पा काही घ्यायला तयार होईना. म्हणाला, आप्पांचे डोळे बरे झाले म्हणजे पेटी ऐकवायला आणा. तसा भला माणूस वाटेत भेटावा हे आमचे नशीब.

तवंदीचा घाट मोटार गोगलगायीसारखी पण न थांबता चढली. संकेश्वरला पाण्यासाठी उभे राहिलो तेव्हाही इंजिन चालूच ठेवले, केवळ ऐकण्याच्या सुखासाठी. विहिरीवरच्या म्हाताऱ्याने आप्पांच्या पट्ट्या पाहिल्या आणि म्हणाला, "निधानक्क होग्री" (सावकाश जा). दिवेलागणीला बेळगाव आले. निपाणीपासून आप्पांना एकही धक्का बसला नव्हता. मी देवापुढे दिवा लावला आणि खरे सांगतो, मला रडू आले.

ठरल्या दिवशी बेळगावच्या डॉक्टरांनी घरी येऊन पट्ट्या सोडल्या. आप्पांनी माझ्याकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, आणि माझे केस पिकले म्हणून मला सांगितले. पुढे जाड भिंगाचा चष्मा आला, वाकायची परवानगी मिळाली, तेव्हा ते पहिल्यांदा मोटारीपाशी गेले. बॉनेट उघडायला लावले. सांध्याबाहेर कातड्याची कड जराशी डोकावत होती. आप्पा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"हे नवं कातडं न्हवं," ते म्हणाले. "टाक्यांची भोकं हायत बघ. घासून गुळगुळीत झालंय. घातलेल्या चपलेचं हाय हे." मग माझ्याकडे वळले. "आपुन निघालो तवा त्या सातप्पाच्या पायात काय हुतं रं?"

मला आठवेना. दोन धडधाकट डोळे असून मी पाहिलेच नव्हते.

आप्पांनी बॉनेट स्वतःच्या हाताने हळूच मिटले.

"पेटी बांधून घे," ते म्हणाले. "आवाज वळखीचा हाय. आता मला त्याचं तोंड बघायचं हाय."